पाणी तर गेलंच की गावाला

अक्का, तुझ्या मयताला मी रडले नाही.

बाकी सगळ्या बायका रडल्या. तुझ्या माहेरच्या बायका वेशीपासूनच सूर धरून आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि आपल्याकडं रडतात तसं सांगत सांगत रडल्या. एकीनं तुझ्या हातच्या भाकरीचं सांगितलं. एकीनं तू तिच्या बाळंतपणाला जाऊन राहिलीस, त्याचं. माझी पाळी आली तशा सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. सख्खी जाऊ, एका अंगणात दोन चुली, इतकी वर्षं. मी काय सांगत रडणार होते? मला एकच आठवत होतं आणि ते चार बायकांत सांगण्यासारखं नव्हतं. मी घागर उचलली आणि पाण्याला गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "दगड हाय बाई, दगड."

असेन. हात लई वेळ गार पाण्यात राहिला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं अंगभर झालंय. उठते, सडा टाकते, शेण काढते. कडू घास घेऊन आलेल्या पाहुण्यांना पाणी देते. तुझ्या दारात तुझी चप्पल होती, ती काल कुणीतरी उचलून ठेवली, तेही मी नुसतं बघितलं.

जे सांगता आलं नाही ते इथं लिहिते. तुला माहीत आहे सगळं. तरी लिहिते.

आपण तेव्हा पुण्याच्या पलीकडं डोंगरात कामाला होतो. धरणाच्या वरच्या अंगाला श्रीमंतांचे बंगले उठत होते. आपल्या भालकीकडच्या गावचे लोक गाड्या भरभरून तिकडं गेले होते. पोरंबाळं सासूबाईंजवळ ठेवून आपण दोघी आपापल्या नवऱ्यांसोबत गेलो. तुझी संगीता तेव्हा अंगणवाडीत जायची. निर्मला आपल्याच गावची, पण पलीकडच्या गल्लीतली. गावात बौद्ध लोकांच्या घरचं पाणी आपल्या घरचे पीत नव्हते, म्हणून तिची आणि आपली ओळख फक्त विहिरीच्या वाटेपुरती. कामावर मात्र पत्र्याच्या खोल्या एकाला एक लागून होत्या आणि लाकडं ओली होती. ज्या चुलीचा जाळ पेटला ती सगळ्यांची चूल. एका तव्यावर तिच्या भाकरी, त्याच्या मागून आपल्या.

आपल्याकडं पाऊस येतो आणि जातो. तिथं तो राहायलाच आला होता. काम बंद पडलं. मुकादमानं गडी माणसं शहरात एका इमारतीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला नेली आणि आपल्याला लोखंड राखायला ठेवलं. कपडे वाळत नव्हते. काडीपेटी पिठाच्या डब्यात ठेवावी लागायची. आणि अशा पावसात दर रविवारी कॉलेजची पोरं-पोरी पाठीवर मोठमोठ्या पिशव्या लादून आपल्या खोल्यांवरून डोंगरात जायची. भिजलेली, हसणारी. एका रविवारी तू एका पोरीला थांबवलंस.

"पोरी, कुठं जायलाव गं?"

"वर, मावशी. कड्यापर्यंत."

"काय हाय तिथं? देव हाय?"

"नाही हो. नुसतं फिरायला."

"एवढं वझं घिऊन नुसतं?"

ती हसली आणि पळाली. तू मात्र दारात उभीच राहिलीस. मग मला म्हणालीस, "सोजर, आपुन आजपतोर कुठं कुठं गेलाव गं?"

मी सांगत गेले. लग्नाला. मयताला. बाळंतपणाला. देवाला. कामाला.

"नुसतं कुठं गेलाव?"

"नुसतं कोन जातंय, अक्का?"

"ती पोरगी जायलीय की."

निर्मला आतून ओरडली, "भाईर पाऊस बघा की जरा. कुत्रं बी घर सोडंना झालंय."

"म्हणूनच," तू म्हणालीस. "मुकादम बी घर सोडंना."

दुसऱ्या दिवशी आपण निघालो. सिमेंटच्या गोण्या धुऊन निर्मलानं जुन्या लुगड्याच्या काठाचे पट्टे शिवले होते, खांद्याला रुतू नयेत म्हणून. भाकरी, शेंगांची चटणी, ठेचा, आणि तुझ्या बापाचं काळं घोंगडं. ते ओलं झालं की मणाचं होतं, पण ऊब सोडत नाही. चौकीदाराला सांगितलं, लाकडं आणायला जातो. आपण तिघी पाठीला गोण्या लावून त्या पोरींसारख्या चालायला लागलो तेव्हा मला लाज वाटत होती. रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं, तरी मी पदर ओढून घेतला होता. तू पुढं होतीस. तुझा पदर कमरेला खोचलेला.

वर गेल्यावर ढग जमिनीवर उतरले. हाताएवढ्या अंतरावरचं दिसेना. चुकू नये म्हणून तू आपले पदर एकमेकींना बांधलेस, तू पुढं, मी मधी, निर्मला मागं.

"लगीन लागलं गं आपलं," निर्मला म्हणाली. "अक्षता कोन टाकणार?"

"वरनं पडायल्यात की," तू म्हणालीस.

वाट कधी सुटली ते कुणालाच कळलं नाही. पायाखाली नुसतं गवत आणि वाहणारं पाणी. निर्मला म्हणाली, आल्या अंगानं परत वर जाऊ, डोंगराच्या धारेवर गेलं की वाट सापडेल. तू थांबलीस आणि एका ओढ्याकडं हात केलास.

"ह्याच्या कडंकडंनं जाऊ. पाणी धरलं की गाव लागतंय. माझा बाप सांगायचा. मेंढरं चुकली की त्यो वढा धरायचा, अन् तिन्हीसांजंला गावात."

"तुझ्या बापाचा वढा भालकीचा व्हता, अक्का."

"पाण्याला काय, भालकीचं अन् हिकडचं अलग असतंय व्हय?"

"मला वाटतंय असतंय."

"तू बोल गं, सोजर."

मी म्हणाले, "अक्का म्हणतीय तसं."

"तुला काय," निर्मला म्हणाली, "अक्का हिरीत उडी घाल म्हणली तर तू खोली इचारणार न्हाईस."

आपल्या काळ्या रानात तुझं बरोबरच होतं. आपला ओढा घाई करत नाही. शेतांच्या बांधाबांधानं वाकडा-तिकडा जातो आणि कुठल्यातरी गावाखाली पोचतो, जिथं बायका धुणं धूत असतात. पाण्याच्या शेवटी माणूस असतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते ठाऊकच होतं. आपण तो ओढा धरून चाललो. तो मोठा होत गेला. गुडघ्याइतका झाला, आवाज वाढला. तू मागं वळून म्हणालीस, "ऐकू यायलंय का? गाव जवळ हाय."

मग तू एकदम थांबलीस. हात मागं केलास आणि माझ्या छातीवर ठेवलास. तुझ्या पुढं भुई नव्हती.

मी नंतर कुणाकुणाला डोंगराबद्दल बोलताना ऐकलंय, पण हे कुणी सांगत नाही. ओढा कड्यावरून खाली गेला होता, आणि खालून येणारा वारा ते पाणी उचलून परत आपल्या तोंडावर टाकत होता. पाणी वर येत होतं, अक्का. वरून पाऊस आणि खालून पाऊस. आपण तिघी पदरांनी बांधलेल्या, तिथंच खाली बसलो. 

निर्मला म्हणाली, "घे. लागलं तुझं गाव."

तेवढ्यात ढग फाटला. खाली, किती खाली ते सांगता येत नाही, हिरवी भातखाचरं होती, लाल कौलांची घरं होती, एका घरातून धूर निघत होता. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "ते बघ की. पाणी तर गेलंच की गावाला. आपल्यालाच जाता येईना."

निर्मला हसता हसता चिखलात आडवी झाली. मलाही हसू आवरेना, पोट धरून हसले. आपल्या घरात बायकांनी आवाज करून हसायचं नसतं, म्हणून मी आधी तोंडावर हात धरला होता. मग काढला.

भाकरी भिजून लगदा झाली होती. घोंगड्याखाली तिघींनी एका फडक्यातलं खाल्लं. गावात हे कुणी बघितलं असतं तर सासूबाईंनी आपल्याला अंगणात उभं करून अंगावर पाणी ओतलं असतं. इथं पाणी ओतायचं कामच नव्हतं, असं निर्मलाच म्हणाली. तू तुझ्या हातातला तुकडा मोडून तिला दिलास.

मग तू उठलीस. तोंडाला दोन्ही हात लावलेस आणि हाळी दिलीस. लग्नाआधी मेंढरांना घालायचीस, ती. मी त्याआधी कधी ती ऐकली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, सुनंचा आवाज चुलीच्या पल्याड जाऊ नये, आणि तुझा कधी गेला नव्हता. तिथं तो ढगात गेला, कुठल्यातरी कड्याला लागला आणि परत आला. तू पुन्हा दिलीस. पुन्हा. तुझ्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मी म्हणाले, "अक्का, बस की." तू बस केलं नाहीस.

आणि मग उत्तर आलं. आपल्याच आवाजासारखं वाटलं आधी, पण आवाज वेगळा होता. ढगातून एक म्हातारी धनगरीण आली, कमरेला कोयता, मागं दोन म्हशी.

"कुठल्या गं बायांनो? कड्यावं काय करताय? हितनं म्हशी पडत्यात."

"वाट चुकलाव," तू म्हणालीस. "आमी बी धनगरच हाव. बीदरकडचे."

म्हातारीनं तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. "धनगर? मग वाट कशी चुकली गं?"

निर्मलानं ते पुढं कितीदा बोलून दाखवलं.

म्हातारीच्या झोपडीत अर्ध्यात म्हशी आणि अर्ध्यात माणसं होती. तिनं ऊन दूध दिलं आणि का आलात असं विचारलं. तू म्हणालीस, "बघाय." ती म्हणाली, "बघा की मग," आणि चुलीत लाकूड सारलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अशी बाई मी तिच्याआधी बघितली नव्हती. रात्र तिथंच काढली आणि उजाडल्यावर तिनं आपल्याला धारेच्या वाटेला लावून दिलं.

परत येताना तू पुढंच होतीस. आपल्या खोल्यांचे पत्रे दिसायला लागले तशी थांबलीस. म्हणालीस, "चौकीदार बोलणार. घरी काय सांगायचं?"

"देवाला गेलतो म्हणा," मी म्हणाले.

"कोणच्या देवाला?" निर्मला म्हणाली. "मी जाते व्हय देवाला? आमच्यात इचारतेल, देवाला कदी पसून?"

"मग लेण्या बघाय गेलतो म्हणू," तू म्हणालीस. "डोंगरात लेण्या असतातच की तुमच्या."

"अन् तुमच्या सासूनं इचारल्यावर? लेण्यात धनगराच्या सुनंचं काय काम?"

"दवाखान्यात म्हणावं तर कुणाला काय झालतं म्हणतील."

"मयताला म्हणावं तर कोन मेलं?"

पाऊस लागत होता आणि आपण तिघी उभ्या राहून खोटं शोधत होतो. तिघींच्या घरी चालेल असं एकही सापडलं नाही. शेवटी तू पाठीवरची गोणी काढलीस, पट्टे उसवलेस आणि म्हणालीस, "न्हाईच सांगायचं. संपलं." चौकीदारानंही विचारलं नाही. त्याला वाटलं, लाकडं आणून आपण खोलीतच झोपून होतो.

तेव्हापासून आपण सांगितलं नाही. आपण गावी परतलो, सासूबाई गेल्या, तुझी-माझी चूल वेगळी झाली. निर्मलानं पुण्यातच खोली केली. उन्हाळ्यात गावी आली की भालकीच्या बाजारात भेटायची आणि लांबूनच विचारायची, "काय अक्का, लागलं का गाव?" तू म्हणायचीस, "पाणी कवाच गेलंय. तूच मागं ऱ्हायलीस." लोकांना वाटायचं, शेताच्या पाण्याचं काहीतरी बोलायल्यात. तो वाद तुम्ही मिटवला नाही. तुझं म्हणणं, मी चुकले नव्हते. तिचं म्हणणं, तू आम्हाला मारलं असतंस. मला आता वाटतं, दोघींचंही खरं होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि तू आता विचारणार नाहीस.

एकच गोष्ट मी तुला विचारली होती. संगीता हायस्कुलात असताना शाळेची सहल निघाली, बदामीला. पोरीनं जेवण सोडलं, पाया पडली. तू नाही म्हणालीस. अण्णा बाप असून जाऊ दे म्हणत होते, तरी तू नाहीच म्हणालीस. आपण मूग तोडायला गेलो होतो तेव्हा मी धीर करून म्हणाले, "अक्का, तू गेलतीस की."

तू माझ्याकडं बघितलंस. "म्हणूनच," म्हणालीस.

"म्हणूनच म्हंजे?"

"मूग काढ."

मी मूग काढले. पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला वेळ आहे.

आता तुझ्या माघारी काय झालं ते सांगते.

संगीताला गुलबर्ग्याजवळ कडगंचीच्या विद्यापीठात शिकायला जागा मिळाली होती, वसतिगृहात राहून. तू आजारी पडलीस म्हणून ती आली आणि मग तू गेलीस. तिसऱ्या दिवसापासून थोरल्या भाऊजींनी, अण्णांच्या मोठ्या भावानं, सुरू केलं की आता शिक्षण बस, घर कोण बघणार, एखादं स्थळ बघून उरकून टाकू. आणि दर खेपेला तुझं नाव. तिची आई कशी होती बघा. जन्मात कामाबिगर शीव ओलांडली नाही. पोरीनं आईचं काहीतरी घ्यावं.

संगीता भिंतीला टेकून ऐकायची. तिला ते खरं वाटत होतं, ते मला दिसत होतं. तिच्या लेखी आई तशीच होती. तिनं दुसरी आई बघितलीच नव्हती.

मी निर्मलाला पुण्याला फोन लावला. ते तिघींचं होतं, एकटीनं कसं सांगू? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांग. माझं बी नाव घे. आता कुणाची सासू जित्ती हाय गं?"

दहाव्याला जेवणं झाली आणि माणसं अंगणात बसली. थोरल्या भाऊजींनी पुन्हा तेच काढलं. मी ताटं उचलत होते. तुला ठाऊक आहे, त्यांच्यापुढं मी उभ्या जन्मात बोलले नाही. पाणी मागितलं तरी तांब्या ठेवून मागं सरायची.

"खोटं हाय ते," मी म्हणाले.

कुणाला ऐकूच गेलं नाही. भाऊजी पुढं बोलत होते. मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्यापेक्षा जास्त भ्या वाटलं.

"कोन बोललं?" भाऊजी म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी ताटं खाली ठेवली, नाहीतर पडली असती.

"अक्का गेलती," मी म्हणाले. "आमी पुण्याकडं व्हताव तवा. डोंगरात. पावसात. मी व्हते, निर्मला व्हती."

"कोन निर्मला?" आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, पलीकडच्या गल्लीतली. 

एक म्हातारे पाहुणे मला सांभाळून घ्यायला भाऊजींना म्हणाले, "देवाला गेल्या असतील, आप्पा. बायका जातात."

"न्हाई," मी म्हणाले. "देव नव्हता तिथं."

"मग कामून गेलताव?"

"अक्काला जाऊ वाटलं."

कुणीतरी हसलं. भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "मेलेल्या माणसावर काय बी सांगता येतंय." मग म्हणाले, "अन् पोरगी गेल्यावर अण्णाचं घर कोन बघणार? तू बघणार व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "मी बघते."

एवढंच. मला पुढचं येत नव्हतं. तुझ्यासारखी हाळी द्यायला आली असती तर दिली असती. अण्णा खांबाला टेकून बसले होते, सुतकी, दाढी वाढलेली. कुणाकडं न बघता म्हणाले, "जाऊ द्या तिला." आणि उठून गोठ्याकडं गेले.

संगीताला सोडायला मी भालकीच्या स्टँडवर गेले. तुला वाटेल, ती माझ्या गळ्यात पडली असेल. तशी मीही वाट बघत होते. गुलबर्ग्याची गाडी लागली तशी ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "काकू, सगळं सांग." मी सांगितलं. ओढा, कडा, म्हातारी, हाळी, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा आवळत होता.

"स्वतः गेली," ती म्हणाली. "अन् मला बदामीला जाऊ दिली न्हाई. मी चार दिवस जेवले न्हवते, काकू. अन् ती मला म्हणायची, भाईर काय ठिवलंय? तिला ठाव व्हतं काय ठिवलंय!"

 तू जो एक शब्द म्हणालीस, तो मी सांगितला. ती म्हणाली, "म्हणूनच म्हंजे काय?" मूग काढ असं काही मला म्हणता आलं नाही.

गाडी हलल्यावर मला जे वाटलं ते तुला सांगते, चुकत असेन तर चुकू दे. तुला जाणं जड गेलं नव्हतं. कड्यावर तू माझ्यापेक्षा हलकी होतीस. तुला परत येणं जड गेलं. पट्टे उसवून पुन्हा सिमेंटची गोणी करायची, पुन्हा पदर डोक्यावर घ्यायचा, आवाज चुलीच्या अल्याड ठेवायचा, आणि ते कुणाला सांगायचंही नाही. ते पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तू तिला जाऊच दिलं नाहीस. असंच होतं का? हे मी संगीताला सांगितलं नाही. ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं. दिवाळीला आली की ती पुन्हा विचारणार, तिच्या डोळ्यात ते आहे. तेव्हा मी माझं म्हणून सांगेन, तुझं म्हणून नाही.

आता सकाळी आधी आमची चूल, मग तुमची. तुझ्या तव्याला माझा हात बसत नाही, एका बाजूनं तो लवकर तापतो. अण्णा उंबऱ्याजवळ पाठ करून बसतात आणि मी वाढून मागं सरते. आमच्यात बोलणं कधी नव्हतंच. पण आज त्यांनी घास हातात धरून ठेवला आणि भिंतीकडं बघत विचारलं,

"लई लांब व्हता काय त्यो डोंगर?"

"लांब व्हता," मी म्हणाले.

"खोलीतनं दिसायचा?"

"ढग नसल्यावर दिसायचा."

त्यांनी तो घास खाल्ला. पाणी प्याले. मग म्हणाले, "म्हंजे मी बी बघितलाय की त्यो. रोज बघितलाय." आणि जरा थांबून, "मला बोलली असती तर मी काय न्हाई म्हणलो असतो का?"

ते मलाच विचारत होते, का तुला, का स्वतःला, मला कळलं नाही. खरं उत्तर काय होतं, ते तुला माहीत असेल. मी तव्यावरची भाकरी उलटली. ते पुन्हा विचारतील म्हणून मी थांबले होते, पण त्यांनी नुसतं ताट पुढं केलं, आणि मी वाढलं.